रडत नाही म्हणजे रुळला?

जून उजाडला की बालवाडीच्या गेटवरच्या रडारडीचे रील्स सुरू होतात आणि खाली कुणीतरी हमखास लिहितंच, "आमचा तर पहिल्या दिवशीपण रडला नाही, लगेच रुळला!" आता रडणं कानाला ऐकू येतं म्हणून आपण तेच धरून बसतो, पण पोराच्या आत काय चाललंय ते बघायचं तर त्याची लाळ तपासावी लागते. खरंच.

लाळेत कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, मोजता येतं. ताण आला की मेंदूतलं हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला निरोप धाडतं, ती रक्तात दुसरं हार्मोन सोडते, ते मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींपर्यंत पोचलं की तिथून कॉर्टिसॉल सुटतं, आणि ते पुरेसं वाढलं की तेच परत मेंदूला सांगतं की बास आता (हा ब्रेक मला जाम आवडतो). या सगळ्याला वेळ लागतो. लाळेतला आकडा चढायला वीसेक मिनिटं सहज जातात, तोवर पोरगं कदाचित गप्प होऊन ठोकळे रचत बसलेलं असतं. शिवाय कॉर्टिसॉलला रोजची लय असते, सकाळी उठल्यावर अर्ध्याएक तासात सगळ्यात जास्त आणि मग रात्रीपर्यंत उतार.

बर्लिनमध्ये मानसशास्त्रज्ञ लीझेलोटे आनर्ट आणि सहकाऱ्यांनी १५ महिन्यांची ७० बाळं पाळणाघरात जाताना तपासली, २००४ साली पेपर आला. आई निघून गेल्यावर पहिल्या तासात कॉर्टिसॉल घरच्यापेक्षा ७५ ते १०० टक्के वर! आणि गंमत बघा, आईशी घट्ट नातं असलेली बाळं सुरुवातीच्या दिवसांत जास्त रडली, पण कॉर्टिसॉल सगळ्यांचं सारखंच चढलं. म्हणजे न रडणारं पोर आतून शांत असतंच असं नाही. काही महिन्यांनीही आकडा घरच्यापेक्षा थोडा वरच होता. ज्या आयांनी सुरुवातीला जास्त दिवस सोबत बसून सवय लावली त्यांच्या मुलांचं आईशी नातं घट्ट राहिलं किंवा आधी नव्हतं तिथे झालं.

त्यामुळे दृष्ट काढायची असेल तर काढा, मीठमोहऱ्यांनी अ‍ॅड्रिनलला काही फरक पडत नाही. आणि "ब्रेन डेव्हलपमेंट" म्हणून भरमसाट फी घेणाऱ्या प्रीस्कूलला आधी एवढंच विचारा की पहिला आठवडा आईला आत बसू देता का.

अमेरिकेतल्या २००३ च्या एका अभ्यासात तर पाळणाघरातल्या ७१ टक्के टॉडलर्सचं (दुडुदुडु चालणाऱ्या पोरांचं) कॉर्टिसॉल दिवसभरात उतरायच्या ऐवजी चढलं, तेच घरी असताना ६४ टक्क्यांचं उतरलं. जी इतर मुलांबरोबर जास्त खेळली त्यांचं कमी होतं. बहुतेक त्या वयात दहाबारा पोरांच्या घोळक्यात खेळणं सांभाळणं, नंबर लावणं हेच मोठं काम असावं, त्यामुळे तुमचा शहाणा मुलगा घरी आल्यावर चप्पल काढायच्या आत किरकिर करायला लागला तर बाईंना फोन करायच्या आधी त्याला जरा लोळू द्या.