लढाईत गेला नाही, तरी पेन्शन मिळते

साताऱ्याच्या अपशिंगे मिलिटरी गावासारख्या, घरोघरी फौजी असलेल्या आपल्या मुलखात एक गैरसमज पक्का रुजलाय: नवरा सीमेवर शहीद झाला तरच बायकोला पेन्शन, आजारपणाने घरी वारला तर पेन्शन त्याच्याबरोबरच संपली. हे साफ चुकीचं आहे. पेन्शन घेणारा माजी सैनिक कशानेही वारला, तरी पत्नीला कौटुंबिक निवृत्तिवेतन मिळतं: साधारणपणे शेवटच्या पगाराच्या 30 टक्के, किमान महिना 9,000 रुपये आणि वर महागाई भत्ता. लढाईत वीरमरण आलेल्यांच्या पत्नींचा दर वेगळा, जास्त असतो. गोंधळ तिथूनच होतो.

ट्रंकेत, गणवेशाच्या घडीखाली ठेवलेला पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा कागद, आधी शोधा. त्यावर पत्नीचं नाव नसलं तरी हक्क जात नाही, कागद मात्र वाढतात. मृत्यूचा दाखला, आधार, पासबुक घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. अर्ज भरायला तिथे मदत मिळते, एजंटाला एक रुपयाही देऊ नका.

जवानाने पंधरा वर्षं भरण्याआधीच, पेन्शनविना नोकरी सोडली असेल, तर हे कौटुंबिक निवृत्तिवेतन सहसा नाही. पण 65 वर्षांवरच्या गरजू विधवांसाठी केंद्रीय सैनिक बोर्डाचं अनुदान आहे, तेही त्याच कार्यालयात विचारा.