परदेशी भाषा येत नाही, म्हणून राजदूत होता येत नाही?

कोल्हापुरातल्या अभ्यासिकांमध्ये एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय: 'परराष्ट्र सेवेत जायचं तर आधीच फ्रेंच-जर्मन यावं लागतं, मराठी माध्यमवाल्यांनी नाद सोडावा.' राजनयाशी भाषेचं नातं घट्ट असल्यानं हे खरं वाटणं स्वाभाविक आहे. पण क्रम उलटा आहे.

दिल्लीतली राजनयिकांची प्रशिक्षण संस्था १९८६ मध्ये सुरू झाली. पदवीनंतर फी भरून राजनयिक होण्याची ती जागा नव्हे. आधी नागरी सेवा परीक्षेतून निवड होते, मसुरीत पायाभूत अभ्यासक्रम होतो, मग ही संस्था. परदेशी भाषा त्यानंतर नेमून दिली जाते. अरबी, चिनी, रशियन, जपानी, जी वाट्याला येईल ती. अधिकारी ती बोलली जाणाऱ्या देशात राहून, सरकारी खर्चानं शिकतो. परीक्षेच्या वेळी तिचा एकही शब्द यावा लागत नाही.

मराठीचं काय? मुख्य परीक्षेतले निबंध, सामान्य अध्ययन आणि वैकल्पिक विषयाचे पेपर मराठीत लिहिता येतात. इंग्रजीचा एक पेपर सक्तीचा आहे, पण तो दहावीच्या दर्जाचा, फक्त पात्रतेपुरता. त्याचे गुण क्रमवारीत धरत नाहीत. खरी अडचण पूर्वपरीक्षेत आहे. ती प्रश्नपत्रिका हिंदी आणि इंग्रजीतच असते, म्हणून इंग्रजी वाचनाची तयारी पहिल्या वर्षापासूनच करावी, असं मला कळकळीनं वाटतं.

पडताळायचं असेल तर परीक्षेची अधिसूचना केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या (यूपीएससी) अधिकृत संकेतस्थळावरून मोफत उतरवा. पात्रतेच्या अटींत परदेशी भाषा कुठे सापडते का पाहा, मग मुख्य परीक्षेच्या योजनेत उत्तरांच्या माध्यमाचा भाग वाचा.