दुखतंय तिथे लावायचा पॅच वेगळा आणि फेन्टानिलचा पॅच वेगळा, बाबांनो

मूव्ह, व्होलिनी, आयोडेक्स कसं लावायचं हे कोणाला शिकवायची गरज नाही, दुखतंय तिथे चोळायचं आणि हात धुवायचे. डायक्लोफिनॅकचा पॅच म्हणजे त्याचंच चिकटपट्टीतलं रूप. औषध कातडीतून खाली झिरपतं, तिथल्या तिथे काम करतं, रक्तात जातं ते गोळीच्या मानाने खूपच कमी. नागीण बरी झाल्यावरही जी आग होत राहते तिच्यासाठी लिडोकेनचा 5 टक्केवाला पॅच मिळतो, तोही याच जातीचा, 12 तास ठेवायचा, 12 तास काढायचा, जागेच्या मापाने कापला तरी चालतो. झालं, हा भाग संपला.

आता फेन्टानिल, म्हणजे मॉर्फिनच्या जातीचं जबर वेदनाशामक. कॅन्सरच्या पेशंटला घरी पाठवताना डॉक्टर पॅच लिहून देतात, दिसायला तसाच पातळ चौकोन, आणि घरातले लोक विचारतात कंबर दुखते तर कंबरेवर लावू ना? अहो, त्या पॅचला तुमच्या कंबरेशी काही देणंघेणं नाही! त्याला रक्तात जायचंय आणि रक्तातून मेंदूत, म्हणून छाती, पाठ, दंड, जिथे कातडी सपाट आणि धड असेल तिथे लावा. प्रवासात मळमळू नये म्हणून स्कोपोलामिनचा पॅच कानामागे लावतात (अमेरिकेत 1979 मध्ये मान्यता मिळालेला, औषध रक्तात सोडणारा पहिला पॅच तोच), तो काय कान दुखतो म्हणून लावतात का?

बरं, चुकून कंबरेवर लावला तर त्याने आभाळ कोसळत नाही. खरा घात होतो तो "दुखतंय तिथे औषध" या समजुतीतून लोक पुढे जे उद्योग करतात त्याने. पहिला उद्योग, लावून दोन तास झाले तरी दुखतंय म्हणून शेजारी दुसरा लावणे. फेन्टानिल आधी कातडीच्या थरांत साठतं आणि मग तिथून रक्तात उतरत राहतं, गच्चीवरची टाकी भरल्याशिवाय नळाला पाणी येत नाही तसंच, त्यामुळे पहिल्या पॅचचा नीट गुण यायला 12 ते 24 तास लागतात. मधल्या वेळेसाठी डॉक्टर लवकर लागू पडणारं वेगळं औषध देतात, ते घ्या, पॅच वाढवू नका. आणि टाकी हळू भरते तशी रिकामीही हळूच होते. पेशंट गुंगीत गेला, श्वास संथ झाला, आपण पॅच ओढून काढला आणि म्हटलं चला काढला एकदाचा, तर नाही, काढल्यावरही रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला 20 तासांच्या आसपास किंवा जास्त लागू शकतात. पॅच काढा आणि लगेच हॉस्पिटल गाठा.

दुसरा उद्योग म्हणजे शेक, याची मला खरंच चीड आहे. गरम पाण्याची पिशवी हा आपल्याकडे प्रत्येक दुखण्यावरचा उतारा, आणि ती नेमकी पॅचवर ठेवली जाते कारण "दोन्ही एकत्र केलं की लवकर बरं वाटेल". उष्णतेने औषध भराभर रक्तात ओढलं जातं, तीन दिवस पुरायचं ते घाईने आत. कडक तापातही हेच होतं, म्हणून ताप आला की डॉक्टरला फोन. आणि एकाचा उरलेला पॅच दुसऱ्याच्या सांधेदुखीला तर अजिबात नाही, ज्याच्या शरीराला मॉर्फिनच्या जातीची सवय नाही त्याचा यात श्वास थांबू शकतो.

खोक्यावरून ओळखायला जाल तर आपल्याकडे डायक्लोफिनॅकच्या पॅचवरही ट्रान्सडर्मल, म्हणजे कातडीतून रक्तात जाणारा, असं छापलेलं सापडतं, काय बोलायचं. मी आकडा बघतो. तासाला 25 मायक्रोग्रॅम, 24 तासांत 4.6 मिलीग्रॅम, असा वेळेचा हिशोब लिहिला असेल तर माल रक्तात जायचा आहे. पारदर्शक की कातडीच्या रंगाचा, गोल की चौकोनी, सोडून द्या. असा रक्तात जाणारा पॅच कापायचा नाही, विषय संपला.

पॅच नाही, मलम आहे म्हणून मात्र निर्धास्त राहू नका. फिशरसाठी, म्हणजे गुदद्वाराशी पडलेल्या चिरेसाठी, देतात ते नायट्रोग्लिसरीनचं मलम लावतात एका जागी आणि डोकं ठणकतं, कारण ते रक्तातही जातं, म्हणून व्हायग्रा घेणाऱ्याने ते लावायचं नाही. टेस्टोस्टेरॉनची, म्हणजे पुरुषी हार्मोनची, जेल तर रक्तासाठीच असते, लावलेल्या जागेला लहान पोराची कातडी लागली तर त्यालाही ती लागू होते.

वापरलेल्या फेन्टानिल पॅचमध्येही पोराचा जीव जाईल एवढं औषध उरलेलं असू शकतं, चिकट बाजू आत घेऊन दुमडा, उघड्या कचऱ्यात टाकू नका, जिथून मिळाला तिथे परत द्या. आणि आजोबांना स्मृतिभ्रंशासाठी रिव्हास्टिग्मिनचा पॅच असेल तर तो रोज नवा, रोज वेगळ्या जागी, त्याच जागी पुन्हा 14 दिवस नाही. जुना पाठीवर तसाच राहतो, त्यांना दिसत नाही, आठवत नाही, सकाळी सूनबाई दुसरा लावते आणि दुपारी उलट्या सुरू, नाडी मंद. आंघोळीच्या वेळी पाठ नीट बघा, जुना काढा, मगच नवा लावा आणि कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात जागा लिहून ठेवा, "उजवा खांदा, मागे".