नल मूल्य आणि समानता (सीक्यूएल)

क्लिनिकल क्वालिटी लँग्वेज (सीक्यूएल) या एचएल7 संस्थेच्या (आरोग्य-माहितीच्या देवाणघेवाणीची मानके ठरवणारी संस्था) प्रमाणित क्वेरीभाषेत (माहितीसाठ्याला प्रश्न विचारण्याची भाषा) उपलब्ध नसलेल्या माहितीसाठी नल वापरतात. समानतेच्या (=) दोन बाजूंपैकी एक जरी नल असली, तरी उत्तर नल येते; दोन्ही नल असल्या तरी तेच. म्हणून नल ओळखायला ‘इज नल’ ही वेगळी चाचणी लागते.

या नियमामागील त्रिमूल्य तर्कशास्त्राचे (सत्य, असत्य आणि अनिश्चित अशी तीन मूल्ये मानणाऱ्या) मूळ सामान्यतः पोलिश तर्कशास्त्रज्ञ यान वुकासिएविच यांच्या 1920 च्या लेखनात दाखवतात. सीक्यूएलच्या सत्यसारण्या (कोणत्या मूल्यांच्या जोडीचे उत्तर काय, हे दाखवणारे तक्ते) मात्र अमेरिकी तर्कशास्त्रज्ञ स्टीफन क्लेनी यांनी 1938 च्या सुमारास केलेल्या मांडणीशी अधिक जुळतात. ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ यांची फळे दोन्ही पद्धतींत सारखीच आहेत. फरक पडतो तो ‘जर-तर’ विधानात. दोन्ही अंगे अनिश्चित असताना वुकासिएविच यांच्याकडे विधान सत्य ठरते, क्लेनी यांच्याकडे अनिश्चितच राहते. सीक्यूएलचा ‘इम्प्लाइज’ हा ‘जर-तर’ दर्शवणारा कारक अशा वेळी नल देतो, त्यामुळे क्लेनी यांचा वारसा मानणे अधिक सयुक्तिक वाटते. मधला दुवा म्हणजे संगणकशास्त्रज्ञ ई. एफ. कॉड यांचा 1979 मधील संबंधात्मक प्रतिमानाचा (माहिती तक्त्यांत मांडण्याच्या पद्धतीचा) विस्तार आणि अशा तक्त्यांसाठीची क्वेरीभाषा एसक्यूएल.

नोंदी गाळून घेणाऱ्या ‘व्हेअर’ अटीत ज्या नोंदींसाठी उत्तर सत्य येते, तेवढ्याच निवडल्या जातात. तपासणीची स्थिती नल असेल, तर ‘स्थिती = अंतिम’ या अटीने ती नोंद गळते आणि ‘स्थिती != अंतिम’ या अटीनेही गळते. मोठे-लहान ठरवणाऱ्या तुलनांनाही हाच नियम आहे. अमेरिकेतील मधुमेह-नियंत्रणाच्या एका गुणवत्ता मापकात एचबीए1सी (गेल्या काही महिन्यांतील सरासरी रक्तशर्करा दाखवणारी तपासणी) 9 टक्क्यांहून जास्त असलेले रुग्ण आणि ज्यांचे मूल्य नोंदलेलेच नाही असे रुग्ण, दोघेही ‘असमाधानकारक नियंत्रण’ गटात मोजतात. तिथे केवळ ‘> 9’ लिहिले, तर तपासणीच न झालेला रुग्ण मोजणीतून सुटतो. रुग्णाच्या दृष्टीने ही चूक गंभीर आहे, कारण पाठपुराव्याची गरज त्यालाच अधिक असते.

तारखांच्या बाबतीत दोन्ही बाजू भरलेल्या असूनही नल येऊ शकते. 2024 आणि 2024-05 यांची समानता ठरत नाही, कारण पहिल्या तारखेत महिना नाही. 2023 आणि 2024-05 यांचे उत्तर मात्र असत्य, कारण वर्षच वेगळे आहे.

समतुल्यता (~) नेहमी सत्य किंवा असत्यच देते: दोन्ही नल असल्यास सत्य, एकच नल असल्यास असत्य. वैद्यकीय संकेतांच्या तुलनेत हीच चाल रूढ आहे, कारण ती संकेत आणि संकेतप्रणाली एवढेच पाहते. आवृत्ती व दर्शनी नाव सोडून देते.