कोंबा कुणाचा? बाका लोकांमधल्या मिशनकार्याची पार्श्वभूमी

‘बाका’ नावाचे आफ्रिकेत दोन समाज आहेत आणि मिशनविषयक लिखाणात त्यांची गल्लत फार होते. एक दक्षिण सुदानात, मारिदीच्या आसपास शेती करणारा. त्यांची भाषा वेगळी, त्यांच्या चर्चची गोष्टही वेगळी. हे टिपण दुसऱ्या बाकांविषयी आहे, आणि त्यांच्या कथांमधल्या कोंबा या निर्मात्याचं नाव मिशनने बायबलमधल्या देवाला दिलं, त्या वादाविषयी. आग्नेय कॅमेरून, उत्तर काँगो आणि उत्तर गॅबॉनच्या सदाहरित जंगलात शिकार, मध आणि रानकंद यांवर जगत आलेले हे लोक. बाहेरचे त्यांना ‘पिग्मी’ म्हणतात. आपल्याकडे पतसंस्थेच्या रोजच्या ठेवीमुळे हा शब्द घरोघरी माहीत आहे आणि तिथेही त्याचा अर्थ ‘छोटं’ एवढाच. माणसांच्या उंचीवरून पाडलेलं हे नाव त्यांच्यासाठी हिणवणारं आहे, म्हणून ते इथे पुन्हा येणार नाही.

सुरुवातीचा काळ थोडक्यात सांगता येतो, कारण त्यात बाका जवळजवळ नाहीतच. कॅमेरून १८८४ मध्ये जर्मनीच्या ताब्यात गेलं. जर्मन कॅथलिक मिशनरी १८९० मध्ये आले ते किनाऱ्याजवळ. पहिल्या महायुद्धानंतर बहुतेक प्रदेश फ्रेंचांकडे गेला, मिशनही फ्रेंच आणि पुढे डच पाद्रींच्या हाती आलं आणि हळूहळू पूर्वेच्या जंगलाकडे सरकलं. तिथे पोचल्यावरही मिशन थांबलं ते शेती करणाऱ्या गावांत. शेतकरी शेजाऱ्यांना बाका ‘काका’ म्हणतात. मराठी कानाला हा शब्द घरचा वाटतो. अर्थ तसा मुळीच नाही. बाकांनी मांस, मध आणि अंगमेहनत द्यायची, काकांनी केळी, मीठ, लोखंड द्यायचं, असा तो पिढीजात व्यवहार. काका मात्र ‘माझे बाका’ असं म्हणतो आणि त्या ‘माझे’मध्ये मालकी असते. ख्रिस्ताची वार्ता बाकांपर्यंत पहिल्यांदा आली ती याच मालकाच्या तोंडून, मालकाच्या भाषेत. चर्चमध्ये पुढच्या बाकड्यांवर काका आणि मागे, दाराशी बाका, हे चित्र तेव्हापासूनचं आहे आणि ते अजून पुरतं पुसलेलं नाही.

१९३०च्या दशकात फ्रेंच प्रशासनाने या लोकांसाठी एक धोरण आखलं. त्याला दिलेलं नाव मराठीत नेमकं ‘माणसाळवणं’ असं होतं. रानातल्या जनावराला वापरायचा शब्द माणसांना लावला गेला. हेतू असा की त्यांना जंगलातून काढून रस्त्याकडेला वसवायचं, म्हणजे शिरगणती, लसीकरण, कर आणि मजुरी सगळंच सोपं होईल. खरी हालचाल १९५०-६०च्या दशकांत दिसू लागली आणि १९६०च्या स्वातंत्र्यानंतर नव्या सरकारने तीच दिशा चालू ठेवली. मिशन या धोरणाचं जनक नव्हतं. पण दवाखाना, शाळा आणि प्रार्थनाघर रस्त्यावरच उभं राहिल्यावर, बाकांना रस्त्यावर येण्याचं सर्वांत मोठं कारण मिशनच ठरलं. त्वचेवर व्रण उठवून पुढे हाडंही पोखरणारा यॉज बाकांमध्ये फार होता आणि तो पेनिसिलिनच्या एका सुईने बरा होत असे. ती सुई रस्त्यावर मिळायची. आई लेकराला घेऊन येणारच.

रस्त्यावर येण्यात काय बदलतं ते घराकडे पाहिलं की कळतं. जंगलातलं घर म्हणजे ‘मोंगुलू’, आणि ते बायका बांधतात. कोवळे सोट गोलाकार रोवायचे, वाकवून एकमेकांत गुंतवायचे, की घुमटाचा सांगाडा तयार होतो. मग रुंद पानांच्या देठाला चीर द्यायची आणि त्या चिरेने पान सांगाड्याला अडकवायचं, खालून वर, कौलं चढवावीत तसं. काही तासांत घर उभं. मुक्काम हलला की ते तिथेच सोडायचं. रस्त्याकडेचं घर काकांसारखं चौकोनी, काठ्यांच्या चौकटीत माती थापलेलं, आणि ते पुरुष बांधतात. घर बांधण्याचा बाईचा हक्क गेला, ही नोंद मिशनच्या प्रगतीच्या अहवालांत सहसा सापडत नाही.

१९७०च्या दशकापासून सूर बदलला. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या व्हॅटिकनच्या धर्मपरिषदेने लोकभाषेतली उपासना आणि स्थानिक संस्कृतीचा आदर या गोष्टींना मान्यता दिली होती. काही तरुण युरोपीय पाद्री रस्ता सोडून बाकांच्या मुक्कामांवर जाऊन राहिले. भाषा शिकले, कंद खाल्ले, रात्रीच्या गोष्टी ध्वनिफितींवर घेतल्या. त्यांच्यापैकी दोघांचा बाका-फ्रेंच शब्दकोश १९७९ मध्ये निघाला. बाकांच्या पुराणकथांचे मोठे संग्रह आज उपलब्ध आहेत ते बरेचसे याच पिढीच्या चिकाटीमुळे. धर्मांतर करायला आलेल्यांनी जुना धर्म टिपून ठेवला. त्यांचं हे ऋण मी मोकळेपणाने मानतो.

वादाचा शब्द इथूनच सुरू होतो : कोंबा.

बायबलमधला देव बाका भाषेत काय म्हणून हाक मारायचा? मिशनपुढे तीन वाटा होत्या. फ्रेंच शब्द तसाच ठेवायचा. काकांच्या बांटू कुळातल्या भाषांत मिशनने आधीच रुळवलेला झांबे किंवा न्झांबीसारखा शब्द आणायचा. नाहीतर बाकांच्या स्वतःच्या कथांमधला निर्माता कोंबा घ्यायचा. पहिला शब्द परका, दुसरा मालकाचा, म्हणून तिसरा निवडला गेला. आज बाका ख्रिस्ती गातात, प्रार्थना करतात ती कोंबाला उद्देशून. मराठी ख्रिस्ती वाचकाला हा पेच समजावून सांगायला नको. आपल्या बायबलातला ‘देव’ हा शब्दही कुठूनतरी उचलूनच आणलेला आहे, मागचं सगळं सामान सोबत घेऊन.

कोंबाच्या मागचं सामान मात्र बरंच अवघड होतं. कथांमधला कोंबा जग घडवतो, माणसं आणि प्राणी घडवतो. पण तो आकाशातला एकटा, निष्कलंक पिता नव्हे. त्याला घरदार आहे, नातेवाईक आहेत. तो एकेकाळी माणसांमध्येच राहत होता. तो वस्तू दडवून ठेवतो, कुणी चलाख नातलग त्याच्याकडून त्या पळवतो आणि त्यामुळे माणसांना माणसांसारखं जगता येतं. या कथा शेकोटीपाशी सांगितल्या जातात तेव्हा लोक हसतात, मधे गाणं म्हणतात, सांगणाऱ्याला टोकतात. अशा कोंबाला दहा आज्ञा देणाऱ्या परमेश्वराच्या जागी बसवलं की दोनच गोष्टी होऊ शकतात. परमेश्वर थोडा कोंबा होतो, किंवा कोंबाच्या निम्म्या कथा गळून पडतात. धर्मशिक्षकासमोर बसून कोंबाची फजिती कोण सांगणार?

इथे एक जुना वाद आड येतो आणि तो समजून घेतल्याशिवाय पुढचं कळत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रियातल्या एका कॅथलिक पाद्री-अभ्यासकाने मांडलं की मानवाचा मूळ धर्म एकेश्वरवादीच होता, आणि तो सर्वांत शुद्ध रूपात जंगलातल्या या ठेंगण्या शिकारी समाजांत टिकला आहे. त्याचं यावरचं पहिलं पुस्तक १९१०चं. पुढे १९१२ ते १९५५ या काळात देवकल्पनेच्या उगमावर त्याचे बारा खंड निघाले. त्याला हवा तसा पुरावाही मिळाला. शतकाच्या सुरुवातीला गॅबॉनमध्ये फिरलेल्या एका फ्रेंच मिशनऱ्याने १९३२ मध्ये जाडजूड ग्रंथ छापला, त्यात जंगलवासीयांच्या एकमेव देवाला आळवणाऱ्या देखण्या प्रार्थना होत्या. १९५७ मध्ये एका अभ्यासकाने तो ग्रंथ बारकाईने तपासला तेव्हा दिसलं की तो पुरावा म्हणून धरता येणारा नाही. असल्या प्रार्थना मात्र भक्तिसंग्रहांत अजून फिरतात, भाविक त्या वाचून गहिवरतात.

या प्रकरणाचा उलटा परिणामही झाला. काही संशोधक म्हणू लागले की बाकांचा निर्माता देव हाच मुळात मिशनचा ठसा आहे. पाद्री आले, त्यांनी ‘तुमचा देव कोण?’ विचारलं आणि कथेतला एक म्हातारा देव झाला. मला हे पटत नाही. बाकांची भाषा उबांगी कुळातली. काँगो आणि मध्य आफ्रिकेतल्या आका, म्बेंजेले या त्यांच्या भाऊबंद समाजांच्या भाषा बांटू. भाषेची कुळं निराळी असूनही जंगलातली झाडं, मध, शिकार, विधी यांचे कितीतरी शब्द या सगळ्यांत एकच आहेत. हे शब्द हे सगळे समाज एकत्र राहत होते त्या जुन्या काळातले, असं भाषाशास्त्रज्ञांनी दाखवलं आहे. कोंबा हे नाव म्बेंजेलेंमध्येही आहे. मिशनने त्याला कोरे कपडे चढवले, हे खरं. त्याला जन्म मिशनने दिला नाही.

नाव बाकांचं घेतलं म्हणजे मान बाकांना दिला, असं मिशनच्या बाजूने नेहमी सांगितलं जातं. ते अर्धं खरं आहे. कारण बाकांच्या रोजच्या जगण्यात कोंबा दूर होता. जवळ होते ते ‘मे’, म्हणजे जंगलात वावरणारे आत्मे. त्यांतला सर्वांत मोठा जेंगी. जेंगी येतो तेव्हा त्याचं अंग दिसत नाही. राफिया ताडाच्या कोवळ्या पात्यांची जाड झालर जमिनीपर्यंत लोळत असते आणि ती गरागरा फिरते, बसते, एकदम उंच होते. बायका टाळ्यांच्या ठेक्यावर अनेक आवाजांत गातात, त्याला बोलावतात, आणि तो जवळ आला की मागे पळतात. मुलगे जेंगीची दीक्षा घेऊन पुरुष होतात; तो त्यांना जंगलात सांभाळतो अशी श्रद्धा. हत्तीच्या शिकारीशीही त्याचं नातं जुनं.

कोंबाला चर्चमध्ये जागा मिळाली, जेंगीला नाही. जंगलात राहून आलेल्या कॅथलिक पाद्रींनी जेंगीशी सामोपचाराने घेतलं. दीक्षा घेतलेल्या माणसाला बाप्तिस्मा नाकारायचा नाही, असा त्यांचा कल होता. पण कॅमेरूनमध्ये डिसेंबर १९९०च्या कायद्याने संस्था स्थापण्याचं स्वातंत्र्य दिलं आणि त्यानंतर इव्हँजेलिकल व पेंटेकोस्टल या प्रॉटेस्टंट पंथांच्या मंडळ्या रस्त्यारस्त्याने पसरल्या. त्यांच्या उपदेशात जेंगी थेट सैतान झाला. दीक्षा सोड, गंडेदोरे जाळ, मग ये. भाषांतराचा पेच इथे पुन्हा उगवतो. पवित्र आत्म्यासाठी ‘मे’ म्हणावं तर तो जेंगीच्या कुटुंबात जाऊन बसतो, परका शब्द ठेवावा तर तो कुणाच्याच अंगी लागत नाही.

नव्या मंडळ्यांकडे बाका, विशेषतः बायका, का वळल्या याचं एक ठोस कारण आहे : दारू. काकांच्या शेतात दिवसभर राबल्यावर मजुरी म्हणून प्लास्टिकच्या छोट्या पाकिटातली कडक दारू हातावर टेकवली जाते. सरकारने २०१४ मध्ये त्या पाकिटांवर बंदी जाहीर केली, तरी ती मिळत राहिली. ‘पिणाऱ्याला आमच्यात जागा नाही’ असं ठणकावणारी मंडळी ज्या वस्तीत आली, तिथल्या बाईला त्यात जेंगीपेक्षा नवऱ्याचा प्रश्न आधी दिसला तर नवल नाही.

दरम्यान कॅथलिक मिशनने पूर्व कॅमेरूनमधल्या लोमिए गावाजवळ बाकांचीच अशी एक वस्ती उभी केली, काकांच्या सावलीबाहेर. स्वतःची शेतं, स्वतःची शाळा, स्वतःचं प्रार्थनाघर. टीकाकार म्हणतात, मालक बदलला एवढंच. वस्तीतले लोक म्हणू शकतात की या मालकाने मारलं नाही आणि शिकवलं. शिकवण्याची पद्धतही जपून घडवलेली होती : पाहा, विचार करा, कृती करा, या तीन पायऱ्यांची. मुलं पहिली काही वर्षं बाका भाषेत शिकतात, मग फ्रेंचकडे वळतात. सरकारी शाळेत काकांच्या मुलांच्या टोमण्यांनी पळून जाणारी बाका मुलं इथे टिकली. १९९१ मध्ये योकादूमा इथे स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि बाकांसाठीच्या कामाला जवळचं केंद्र मिळालं. पण प्राथमिकच्या शेवटच्या परीक्षेला जन्मदाखला लागतो आणि मोंगुलूत जन्मलेल्या मुलाकडे तो नसतो. तिथे बरीच पोरं अडतात.

याच सुमारास जंगलच हातचं जाऊ लागलं. लाकूडतोड कंपन्यांचे रस्ते आत शिरले. १९९४च्या वनकायद्याने जंगलाचे पट्टे आखले. लोबेके हे राष्ट्रीय उद्यान २००१ मध्ये झालं, बुंबा-बेक आणि न्की २००५ मध्ये. उद्यानांच्या रक्षकांनी बाकांना मारहाण केल्याच्या, मुक्काम जाळल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षं होत राहिल्या आणि एका बड्या आंतरराष्ट्रीय वन्यजीव संस्थेविरुद्ध २०१६ मध्ये औपचारिक तक्रारही दाखल झाली. २०१९ मध्ये वनमंत्रालय आणि बाकांची संघटना यांच्यात उद्यानांत प्रवेश देणारा करार झाला. जी माणसं एकेकाळी ‘माणसाळवण्या’साठी जंगलाबाहेर काढली, त्यांना आत जायला आता कागद लागतो.

चर्चचं दिनमान आणि जंगलाचं दिनमान यांचा मेळ अजूनही रोजच घालावा लागतो. डिसेंबर ते फेब्रुवारीच्या कोरड्या दिवसांत बायका ओढ्याला माती-पानांचा बांध घालतात, पाणी उपसतात आणि चिखलातले मासे हातांनी धरतात. मुलं सोबत असतात. जुलै ते सप्टेंबर ‘पायो’चा हंगाम, रानआंब्याच्या बियांचा. त्या फोडून आतला गर वाळवायचा, कुटायचा, कालवणात घालायचा, उरला तर विकायचा. तेव्हा अख्खी वस्ती झाडांखाली मुक्कामाला जाते. सप्टेंबरमध्ये शाळा उघडते तेव्हा वर्ग अर्धा रिकामा असतो, रविवारच्या मिस्साला धर्मशिक्षक आणि म्हातारी माणसंच उरतात. काही ठिकाणी शाळेचं वेळापत्रक हंगामाप्रमाणे पुढेमागे करून पाहिलं गेलं आहे. पायो संपला की वस्ती परतते, पाठीवरच्या टोपल्यांत बिया असतात, आणि रात्री जेंगीच्या गाण्याचे आवाज रस्त्यापर्यंत येतात.