डांबराच्या गोळ्या आणि बाळाच्या लाल पेशी

कोकणातल्या पावसात ट्रंकेतल्या कपड्यांनाही बुरशी धरते. म्हणून पहिल्या मुलाची झबली, दुपटी डांबराच्या गोळ्या घालून जपतात आणि दुसऱ्याच्या वेळी बाहेर काढतात. बहुतेक बाळांना काहीच होत नाही. एखाद्याला मात्र जोराची कावीळ होते, आणि ट्रंकेचा संशय कुणालाच येत नाही.

या गोळ्यांत बहुधा नॅफ्थलीन असतं. श्वासातून आणि त्वचेतून ते रक्तात उतरतं, आणि त्यापासून तयार होणारी रसायनं लाल पेशींना आतून जाळतात. हा मारा झेलायला पेशीत ग्लुटाथायोन असतं. ते पुन्हा पुन्हा ताजं करायचं काम जी-सिक्स-पीडी या विकरावर (एन्झाइमवर) चालतं. लाल पेशीत मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतली ऊर्जाकेंद्रं, नसल्यामुळे तिला दुसरा मार्गच नाही. हे विकर जन्मतःच कमी असलेली माणसं एरवी ठणठणीत असतात; पण असा मारा झाला की त्यांच्या लाल पेशी फुटतात, आणि त्यातूनच बाळाला कावीळ होते.

हा दोष 1956 साली उमगला तो प्रायमाक्विनमुळे. वायव्हॅक्स हिवतापाचे यकृतात दडलेले जंतू मारायला आपल्याकडे हे औषध 14 दिवस देतात. विकर कमी असलेल्याच्या लाल पेशी त्याने भराभर फुटतात. सांडलेलं हिमोग्लोबिन उचलून नेणारं हॅप्टोग्लोबिन थोड्याच वेळात संपतं. मग उरलेलं मूत्रपिंडाच्या गाळणीतून उतरतं, आतल्या नाजूक नलिकांना इजा करतं. लघवी आगळासारखी काळपट लाल दिसते. असं दिसलं तर पुढची गोळी द्यायची नाही, तडक दवाखाना गाठायचा. औषध वेळीच थांबलं आणि सलाइन, लागलं तर रक्त मिळालं, तर मूत्रपिंड बहुधा सावरतं.

या विकराच्या तपासणीतली एक मेख मात्र पालकांना क्वचितच कुणी सांगतं. आधी फुटतात त्या म्हाताऱ्या पेशी. नव्या पेशींत विकर जास्त असतं, त्यामुळे त्याच आठवड्यात केलेला रिपोर्ट खोटाच 'नॉर्मल' येऊ शकतो. साधारण तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करून घ्यायलाच हवी.

याचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. मुलग्याला ते एकच, तेही आईकडून. म्हणून त्रास मुलग्यांत जास्त. तेव्हा बाळाच्या डॉक्टरांकडे जाण्याआधी आजोळी एक फोन करा: मामाला कधी हिवतापाच्या गोळ्यांनंतर लाल लघवी झाली होती का?