राग बाहेर काढल्याने राग उतरतो का?

‘राग मनात ठेवू नये, एकदा ओरडून मोकळे व्हावे,’ हा सल्ला आपल्याकडे घरोघरी दिला जातो. तो चुकीचा आहे.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांच्या २००२ सालच्या प्रयोगात, अपमान करणाऱ्याचा विचार करत पंचिंग बॅगवर ठोसे मारणारे लोक अधिक चिडलेले आणि अधिक आक्रमक आढळले, तर काहीच न करता स्वस्थ बसलेले सर्वांत कमी आक्रमक ठरले. पुढे २०२४ मध्ये बुशमन आणि सहकारी संशोधिकेने १५४ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. शरीर शांत करणाऱ्या उपायांनी राग कमी होतो, धावण्याने मात्र तो वाढू शकतो, असे त्यात दिसले. ‘एक चक्कर पळून ये’ हा सल्लाही त्यामुळे सरसकट लागू पडत नाही.

नळ स्टॉपच्या सिग्नलला एखादी रिक्षा अचानक आडवी येते, तेव्हा छाती धडधडू लागते आणि हँडलवरची पकड घट्ट होते. अशा वेळी हॉर्न दाबून शिवी हासडली, की क्षणभर बरे वाटते खरे, पण शरीराची चेतावलेली अवस्था तशीच राहते, आणि घरी पोहोचून तोच प्रसंग रंगवून सांगताना ती पुन्हा उसळते.

याचा अर्थ अन्याय मुकाट्याने गिळावा, असा मुळीच नाही. सावकाश श्वास घ्यावा, स्नायू सैल सोडावेत आणि छातीतली धडधड थांबल्यावर तक्रार स्पष्ट शब्दांत, त्याच माणसापुढे मांडावी.